पाप, आशा आणि दहा छोटे चित्रपट: सिनेमा इतिहासाचं साधन म्हणून कसा वाचायचा?

सिनेमाप्रेमी मंडळींच्या गप्पांमध्ये एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं: "पोलंडमध्ये एका सिनेमामुळे फाशीची शिक्षा बंद झाली." सिनेमा कोणता, तर क्रिस्तोफ किस्लोव्हस्की या पोलिश दिग्दर्शकाचा, ज्याच्या मूळ शीर्षकाचा अर्थ होतो 'हत्येविषयी एक लघुपट'. वाक्य ऐकायला छानच आहे. कला समाज बदलते, यावर आपला विश्वास बसतो. पण उद्या तुम्ही हे वाक्य तुमच्या शोधप्रस्तावात लिहिलंत, तर समोर बसलेले परीक्षक एकच प्रश्न विचारतील: "हे तुम्हाला कशावरून कळलं?"

आजचा लेख या प्रश्नाभोवती आहे. श्रद्धा, पाप, आशा या गोष्टी कागदपत्रांत सहज सापडत नाहीत. जनगणनेत किती लोक कॅथलिक आहेत ते कळतं, पण त्यातल्या एखाद्याला मध्यरात्री कशाचा पश्चात्ताप होत होता, ते कळत नाही. मग इतिहासकार कथा, पत्रं, चित्रं आणि चित्रपट यांच्याकडे वळतो. ही साधनं वापरायची कशी आणि कुठे थांबायचं, हे समजून घ्यायला किस्लोव्हस्कीची 'डेकालॉग' ही मालिका फार चांगलं उदाहरण आहे.

आधी ओळख. 'डेकालॉग' म्हणजे दहा आज्ञा. बायबलमधल्या दहा आज्ञांवर बेतलेले, प्रत्येकी तासाभराच्या आतले दहा चित्रपट. ते पोलिश टेलिव्हिजनसाठी १९८७-८८ मध्ये चित्रित झाले. सगळ्या कथा वॉर्सामधल्या एकाच गृहसंकुलात घडतात. एका कथेतलं पात्र दुसऱ्या कथेत लिफ्टमध्ये दिसतं, इतका तो शेजार जवळचा आहे. यातल्या पाचव्या आणि सहाव्या भागाच्या मोठ्या आवृत्त्या चित्रपटगृहांसाठी वेगळ्या केल्या गेल्या. त्यांच्या शीर्षकात 'लघुपट' हा शब्द आहे, प्रत्यक्षात त्या दीड तासाच्या आसपास आहेत.

कोर्टातला कॅमेरा

ही गोष्ट सुरू होते १३ डिसेंबर १९८१ ला. त्या दिवशी पोलंडच्या कम्युनिस्ट सरकारने मार्शल लॉ पुकारला. सॉलिडॅरिटी या कामगार संघटनेचे हजारो कार्यकर्ते पकडले गेले आणि पत्रकं वाटणं, भिंतीवर घोषणा लिहिणं असल्या कारणांसाठी खटले सुरू झाले. किस्लोव्हस्की तेव्हा माहितीपटांसाठी ओळखला जायचा. त्याने १९८२ मध्ये हे खटले चित्रित करायची परवानगी मागितली आणि ती मिळाली. याच कामात त्याची गाठ क्रिस्तोफ पिएसेविच या बचाव पक्षाच्या वकिलाशी पडली.

पुढे जे झालं ते किस्लोव्हस्कीने स्वतः नंतर सांगितलेलं आहे. त्याचा कॅमेरा कोर्टात लागला की न्यायाधीश कडक शिक्षा द्यायला कचरू लागले. उद्या हे चित्रण कुणी दाखवलं तर आपलं तोंड दिसेल, ही भीती. वकिलांच्या हे लक्षात आलं, तशी कॅमेऱ्याला मागणी वाढली. एका कॅमेऱ्याने भागेना म्हणून दुसरा आणला, आणि त्यात तर फिल्म घालायचीही गरज नव्हती! कॅमेरा दिसला तरी काम होत होतं.

विज्ञान शाखेतून आलेल्यांना इथे लगेच ओळखीचं काहीतरी दिसेल: मोजमाप करायला गेलो की मोजायची गोष्टच बदलते. पण इतिहासाचा विद्यार्थी म्हणून इथे आणखी एक टीप वहीत लिहा. ही हकीकत प्रामुख्याने एका माणसाच्या आठवणीतून आली आहे, आणि तीसुद्धा काही वर्षांनंतर सांगितलेली. याचा अर्थ ती खोटी आहे असा नाही. पण "न्यायाधीशांनी कॅमेऱ्यामुळे शिक्षा टाळली" असं लिहिणं आणि "किस्लोव्हस्कीच्या आठवणीनुसार न्यायाधीशांनी..." असं लिहिणं, या दोन वाक्यांत प्रबंधाच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे.

या अनुभवातून दोघांनी मिळून १९८५ चा 'अंत नाही' हा चित्रपट लिहिला. तो सरकारला आवडला नाही, विरोधकांना आवडला नाही आणि चर्चलाही आवडला नाही. त्याच सुमारास पिएसेविच आणखी एका मोठ्या खटल्यात उभा होता. येझी पोपियेउश्को या वॉर्सामधल्या तरुण पाद्रींची १९ ऑक्टोबर १९८४ ला गुप्त पोलिसांच्या अधिकाऱ्यांनी हत्या केली होती. हे पाद्री आपल्या प्रवचनांतून सॉलिडॅरिटीची बाजू मांडायचे. तोरून शहरात चाललेल्या खटल्यात फेब्रुवारी १९८५ मध्ये चार अधिकाऱ्यांना शिक्षा झाल्या. मारल्या गेलेल्या पाद्रींच्या बाजूने उभ्या राहिलेल्या वकिलांमध्ये पिएसेविच होता.

दहा आज्ञांवर काहीतरी करावं, ही कल्पना याच पिएसेविचची. १५व्या शतकातलं एक चित्र त्याने पाहिलं होतं, त्यात दहा आज्ञा त्या काळच्या माणसांच्या रोजच्या प्रसंगांतून दाखवल्या होत्या. तसंच आजच्या काळासाठी का करू नये, एवढा साधा प्रश्न. म्हणजे या मालिकेचा उगम प्रार्थनागृहाइतकाच न्यायालयातही आहे. दोषी कोण आणि ते ठरवण्याचा अधिकार कुणाचा, हे प्रश्न तिथून आले.

'खून करू नको' ही कितवी आज्ञा?

मालिकेच्या भागांना फक्त आकडे आहेत: डेकालॉग एक, डेकालॉग दोन असे. कोणती आज्ञा ते पडद्यावर लिहिलेलं नाही. मग आपण बायबल उघडतो, क्रमाने आज्ञा मोजतो आणि जुळवत बसतो. इथे पाय घसरतो, कारण मोजण्याच्या पद्धती एकाहून जास्त आहेत.

कॅथलिक परंपरेत मूर्तीविषयीची आज्ञा पहिल्याच आज्ञेत धरतात, आणि शेवटी परस्त्रीचा लोभ व परधनाचा लोभ या दोन वेगळ्या आज्ञा मोजतात. रिफॉर्म्ड प्रोटेस्टंट परंपरेत मूर्तीविषयीची आज्ञा वेगळी दुसरी धरतात आणि लोभाची एकच. त्यामुळे मधले सगळे आकडे एकाने सरकतात. उदाहरण आपल्या घराजवळचंच घ्या: वसईतल्या कॅथलिक मुलासाठी 'खून करू नको' ही पाचवी आज्ञा, तर अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेत वाढलेल्या मुलासाठी ती सहावी. 'डेकालॉग पाच' हत्येविषयी आहे, कारण पोलंड कॅथलिक आहे. जो अभ्यासक हे न तपासता तक्ता करेल, त्याचा तक्ता दुसऱ्याच ओळीपासून चुकेल.

आकड्यांहून मोठी अडचण शब्दाची आहे. मराठीत 'पाप' म्हटलं की आपल्या मनात लगेच 'पुण्य' येतं. एका रकान्यात हे, दुसऱ्यात ते, आणि शेवटी हिशोब. कॅथलिक कल्पना थोडी वेगळी आहे. तिथे पाप म्हणजे आधी देवाशी आणि शेजाऱ्याशी असलेलं नातं तोडणं. पाप गंभीर ठरायला तीन अटी लागतात: गोष्ट गंभीर असायला हवी, करणाऱ्याला ती पूर्ण माहीत असायला हवी आणि त्याने ती स्वतःच्या इच्छेने केलेली असायला हवी. शिवाय मिस्सेतल्या पापकबुलीच्या प्रार्थनेत विचार, शब्द आणि कृती यांच्याबरोबर 'जे करायला हवं होतं ते न करणं' हेही येतं. आणि या पापावर उतारा म्हणून समोर कुणीतरी ऐकणारं लागतं. कॅथलिक माणूस पाद्रीसमोर कबुली देतो, ज्याला गोव्यात 'कुमसार' म्हणतात.

एवढं लक्षात ठेवून मालिका पाहिली, की बरंच काही वेगळं दिसतं.

तीन प्रसंग

पहिला भाग विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना सगळ्यात जास्त बोचतो. क्रिस्तोफ नावाचा विद्यापीठातला प्राध्यापक आणि त्याचा लहान मुलगा पावेल. दोघांना संगणकाचं वेड. पावेलला तळ्यावर स्केटिंग करायचंय. बाप हवामान खात्याकडून गेल्या काही दिवसांचं तापमान घेतो, संगणकावर बर्फाची ताकद काढतो. उत्तर येतं की बर्फ मुलाच्या कितीतरी पट वजन पेलेल. तो एवढ्यावर थांबत नाही, रात्री स्वतः जाऊन बर्फावर चालून बघतो. तरीही बर्फ फुटतो आणि मुलगा जातो.

घाईचा अर्थ असा: विज्ञानाला देव मानलं म्हणून शिक्षा झाली. मला हा अर्थ पटत नाही, आणि त्याला कारण चित्रपटातच आहे. बापाने निष्काळजीपणा केलेला नाही. गणित केलं, वर प्रत्यक्ष तपासलं. श्रद्धाळू आत्या इरेना, जी पावेलला चर्चमध्ये धर्मशिक्षणाला घालू पाहते, तिच्याही वाट्याला तेच दुःख येतं. बर्फ का फुटला, हे चित्रपट सांगतच नाही. शेवटी बाप एका अर्धवट बांधलेल्या चर्चमध्ये शिरतो, वेदीचं टेबल उलथवतो. मेणबत्तीचं मेण चेस्तोहोवाच्या मेरीमातेच्या चित्रावर ओघळतं आणि ती रडतेय असं दिसतं. मग तो गोठलेल्या पवित्र पाण्याची चकती उचलून कपाळाला लावतो. त्याला उत्तर मिळत नाही, पण तो येतो कुठे, ते पाहा.

आता इतिहासकाराची नजर: ते चर्च अर्धवट का आहे? कथेसाठी तसं असायची गरज नव्हती. पण कम्युनिस्ट पोलंडमधल्या नव्या वसाहतींत चर्च उभं करणं हा मोठा झगडा होता. क्राकोजवळचं नोव्हा हुता हे औद्योगिक शहर तर मुद्दाम चर्चशिवाय आखलं गेलं होतं. तिथल्या लोकांच्या अनेक वर्षांच्या मागणीनंतर बांधलेलं चर्च १९७७ मध्ये कार्डिनल वॉयतिवा यांच्या हस्ते पवित्र करण्यात आलं. हेच वॉयतिवा पुढच्या वर्षी पोप जॉन पॉल दुसरे झाले. त्यामुळे वॉर्सामधल्या प्रेक्षकाला अर्धवट चर्च रोजच्या बघण्यातलं होतं. साधनाची खरी किंमत अशा मुद्दाम न सांगितलेल्या तपशिलात असते.

दुसऱ्या भागात डोरोताचा नवरा कर्करोगाने आजारी आहे आणि तिच्या पोटात दुसऱ्या माणसाचं मूल आहे. नवरा जगणार असेल तर ती गर्भपात करणार, नसेल तर मूल ठेवणार. म्हातारे डॉक्टर 'माहीत नाही' म्हणत राहतात. शेवटी ते शपथेवर सांगतात की तो मरणार. ती मूल ठेवते, आणि नवरा बरा होतो. खोटी शपथ हे पाप. पण त्याच शपथेने एक जीव वाचला. आजच्या पोलंडमधले गर्भपाताचे वाद डोक्यात ठेवून हा भाग पाहू नका. तिथे १९५६ पासून गर्भपात कायदेशीर होता आणि १९९३ च्या कायद्याने त्यावर कडक बंधनं आली. डोरोतासमोर कायद्याची अडचण नव्हती. तिचा प्रश्न सर्वस्वी तिच्या मनाचा होता.

आठव्या भागात नीतिशास्त्राच्या प्राध्यापिका झोफिया यांच्या वर्गात अमेरिकेहून आलेली एल्झ्बिएता एक जुनी हकीकत सांगते. १९४३ साल, जर्मनांच्या ताब्यातलं वॉर्सा. एका लहान ज्यू मुलीला लपवायचं असेल तर तिच्या बाप्तिस्म्याचा दाखला लागणार. पण एक कॅथलिक जोडपं ऐनवेळी नकार देतं: खोटी साक्ष देणं आज्ञेत बसत नाही. ती मुलगी म्हणजे एल्झ्बिएता आणि ते दार बंद करणारी बाई म्हणजे झोफिया. खरं कारण नंतर कळतं, ते वेगळंच असतं. पण आज्ञेचं निमित्त पुढे करून एका मुलीला रस्त्यावर सोडलं गेलं, हे उरतंच. इथे पाप नियम मोडण्यात नाही, नियमाच्या आड लपण्यात आहे. आणि उतारा? चाळीसेक वर्षांनी त्या दोघी समोरासमोर बसून एकमेकींचं ऐकतात.

तर मग फाशी सिनेमाने बंद पाडली का?

पाचवा भाग. यात्सेक नावाचा तरुण एका टॅक्सीवाल्याला विनाकारण ठार मारतो. हा प्रसंग बघवत नाही इतका लांबतो. नंतर सरकार यात्सेकला फासावर चढवतं, तेही तितक्याच बारकाईने दाखवलंय. दोन्ही मृत्यू एकाच मापाने मोजले जातात, हाच चित्रपटाचा युक्तिवाद. स्लावोमिर इजियाक या छायाचित्रकाराने हिरवट फिल्टर वापरून सगळं शहर आजारी करून टाकलंय.

आता तारखा एकाखाली एक मांडा. मोठी आवृत्ती मार्च १९८८ मध्ये पोलंडमध्ये प्रदर्शित झाली. मे १९८८ मध्ये तिला कान महोत्सवात ज्युरी पुरस्कार मिळाला. पोलंडमधली शेवटची फाशी झाली २१ एप्रिल १९८८ ला. म्हणजे चित्रपट आल्यानंतर! जून १९८९ च्या निवडणुकीत कम्युनिस्टांचा धुव्वा उडाला, सप्टेंबरमध्ये नवं सरकार आलं. १९९१ मध्ये पोलंड युरोप परिषदेचा सदस्य झाला, आणि ही संस्था फाशीच्या विरोधात उभी आहे. १९९५ मध्ये फाशीच्या अंमलबजावणीला कायद्याने स्थगिती मिळाली. १९९७ च्या नव्या दंडसंहितेतून ती शिक्षा गेली आणि ही संहिता १९९८ पासून लागू झाली.

एवढं मांडल्यावर 'सिनेमामुळे' हा शब्द हातातून निसटतो. चित्रपट आधी आणि बदल नंतर, यावरून चित्रपट हे कारण ठरत नाही. मधे राजवट बदलली, परराष्ट्र धोरण बदललं. पण उलट टोकाला जाऊन "सिनेमाचा काहीच संबंध नाही" म्हणणंही तितकंच बिनपुराव्याचं. चित्रपट चर्चेचा भाग होता आणि त्याने लोकांना एक प्रतिमा दिली, इतपत आपण म्हणू शकतो. कारण म्हणायचं असेल तर संसदेतल्या चर्चा, वृत्तपत्रं, जनमत चाचण्या यांत चित्रपटाचा माग दाखवावा लागेल. हाच एक चांगला शोधविषय आहे, हे चाणाक्ष वाचकांच्या लक्षात आलं असेलच.

दुसरा सापळा कालविपर्यासाचा. "कॅथलिक चर्च फाशीच्या विरोधात आहे, म्हणून हा कॅथलिक सिनेमा" असं सरळ समीकरण मांडता येत नाही. फाशी अस्वीकार्य आहे, असा बदल चर्चच्या धर्मशिक्षण ग्रंथात २०१८ मध्ये झाला. १९९२ च्या आवृत्तीत अतिशय गंभीर गुन्ह्यांसाठी तिला वाव होता. १९८८ मध्ये चित्रपट चर्चच्या शिकवणुकीच्या पुढे उभा होता. फाशीच्या खोलीत पाद्रीही हजर आहे, हे विसरू नका.

आशा कुठे सापडते?

फाशीच्या आधी यात्सेक आपल्या वकिलाला धाकट्या बहिणीविषयी सांगतो. ती ट्रॅक्टरखाली गेली, आणि ट्रॅक्टर चालवणाऱ्या मित्राबरोबर दारू प्यायलेला यात्सेकच होता. तिचा पहिल्या कम्युनियनच्या पोशाखातला फोटो त्याने मोठा करायला टाकलाय. तो आईला नेऊन द्या, एवढीच विनंती. नीट पाहिलं तर ही कबुलीच आहे. फक्त पाद्रीऐवजी समोर वकील आहे. वकील त्याला वाचवू शकत नाही. तो ऐकतो.

सहाव्या भागात हाच मुद्दा आणखी स्पष्ट होतो. तोमेक हा पोस्टातला तरुण समोरच्या इमारतीतल्या मागदाला दुर्बिणीतून चोरून बघत असतो. टीव्हीवरच्या आवृत्तीत शेवटी तो तिला कोरडेपणाने सांगतो की आता मी तुमच्याकडे बघत नाही. चित्रपटगृहाच्या आवृत्तीत शेवट वेगळा आहे. मागदा तोमेकच्याच दुर्बिणीला डोळा लावते आणि स्वतःला त्याच्या नजरेतून पाहते. रडणाऱ्या तिला कुणीतरी हात लावून धीर देतंय, असं तिला दिसतं. हा शेवट अभिनेत्री ग्राझिना शापोवोव्स्का यांच्या सुचवण्यावरून आला, असं दिग्दर्शकानेच सांगितलंय. एकच कथा, दोन शेवट, आणि दोन्ही अस्सल. तुम्ही कोणती आवृत्ती पाहिली हे लिहिल्याशिवाय 'चित्रपटात आशा आहे' किंवा 'नाही' असं लिहिता येणार नाही.

कॅथलिक परंपरेत आशा हा सद्गुण आहे, श्रद्धा आणि प्रीती यांच्या जोडीचा. तिच्याविरुद्धची पापं दोन सांगितली आहेत: निराश होणं, आणि सगळं आपोआप ठीक होणार असं गृहीत धरणं. ही मालिका या दोन्हींच्या मधून वाट काढते. दहाव्या भागात तर वडिलांच्या तिकीटसंग्रहाच्या लोभात एक भाऊ मूत्रपिंड गमावतो, संग्रह चोरीला जातो, दोघं एकमेकांवर संशय घेतात, आणि शेवटी पोस्टात विकत घेतलेली तीच साधी तिकिटं समोर ठेवून पोट धरून हसतात. दहा आज्ञांचा शेवट हसण्याने! बहुतेक भागांत एक अबोल माणूस दिसत राहतो, आर्तुर बार्चिश या नटाने केलेला. तो कधीच मध्ये पडत नाही, फक्त बघतो. तो देवदूत आहे की आणखी कुणी, यावर पुष्कळ लिहिलं गेलंय. मला तो कोर्टातल्या त्या कॅमेऱ्याचा भाऊबंद वाटतो. हा माझा अर्थ आहे, पुरावा नाही, आणि लिहिताना हे दोन वेगळे ठेवायचे.

तुमच्या कामासाठी

डिसेंबर १९८९ पासून ही मालिका पोलिश टीव्हीवर दिसू लागली, तोवर ज्या देशात ती लिहिली गेली तो देश बदलून गेला होता. १९९० मध्ये शाळांत धर्मशिक्षण परत आलं. १९९५ मध्ये व्हॅटिकनने महत्त्वाच्या ४५ चित्रपटांची यादी काढली, तिच्यात 'डेकालॉग' होता. चर्चमध्ये न रमणाऱ्या दिग्दर्शकाची कलाकृती चर्चने आपली म्हटली. म्हणून कोणत्याही चित्रपटाच्या किमान तीन तारखा वहीत लिहा: तो कधी लिहिला गेला, कधी दाखवला गेला आणि कधी 'थोर' ठरला. या तीन काळांतले प्रेक्षक वेगळे असतात.

चित्रपटावरून "पोलिश लोक अमुक मानत होते" असं लिहू नका. त्यातून एवढंच कळतं की त्या काळात हे प्रश्न विचारता येत होते, आणि या भाषेत विचारता येत होते. ते थोडं वाटतं, पण थोडं नाही. ज्या समाजाला सरकार एक आज्ञा देत होतं आणि चर्च दुसरी, तिथे दोन माणसं एका साध्या इमारतीच्या दारात उभी राहून विचारत होती की शेजारच्या घरात नेमकं काय चाललंय. पाप आणि आशा यांचा इतिहास लिहायचा, तर आपल्यालाही त्याच दारातून आत जावं लागेल, चपला बाहेर काढून आणि कॅमेऱ्यात फिल्म आहे ना ते बघून.